खाशाबांच्या आधी आणि शेजारी: चौथ्या नंबरावर राहिलेले आपले मल्ल

कृष्णाकाठचा

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. याचा मला मनापासून आनंद आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. उशिरा का होईना, आता शाळकरी पोरांनाही नाव माहीत झालंय.

पण त्याच हेलसिंकीत, त्याच भारतीय चमूत, खाशाबा ज्या कोल्हापुरात तयार झाले तिथलेच आणखी एक पैलवान होते. केशव माणगावे. खाशाबा ५७ किलोत खेळले, माणगावे ६२ किलोत. त्या गटात सुवर्ण तुर्कस्तानच्या बायराम शितला, रौप्य इराणच्या गिवेचीला, कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सनला आणि चौथे आपले माणगावे. एकाच ऑलिंपिकमध्ये, एकाच गावच्या मातीत तयार झालेले दोन मल्ल. एक तिसरा, एक चौथा. तिसऱ्याचं नाव अजरामर झालं (व्हायलाच हवं होतं) आणि चौथ्याचं नाव विचारलं तर कुस्ती बघणारी माणसंसुद्धा गप्प होतात.

आणि हा काही पहिला चौथा नंबर नव्हता. त्याच्याआधी बत्तीस वर्षं, १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला होता. संघ कसला, सहा माणसं. चार धावपटू: फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, एच. डी. कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. दोन मल्ल: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. नवले मध्यम वजनगटात पहिल्याच फेरीत बाद झाले. शिंदे मात्र फेदरवेटमध्ये कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोचले. ती ते ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरले. म्हणजे भारताने ज्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा संघ पाठवला, त्याच ऑलिंपिकमध्ये पदक एका कुस्तीवर येऊन ठेपलं होतं!

ही सगळी हालचाल सुरू झाली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर. जिमखाना १९०६ चा. १९१९ मध्ये तिथल्या शर्यतींना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून हजर होते. खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी, कसलंही शास्त्रशुद्ध शिक्षण नसताना, युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या वेळा देत होती. दोराबजींनी ते पाहिलं आणि ही पोरं ऑलिंपिकला पाठवायची असं मनावर घेतलं. भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली १९२७ ला. म्हणजे ही माणसं गेली तेव्हा मागे आजच्यासारखी राष्ट्रीय संघटना नव्हती. होता तो जिमखाना, दोराबजींचा शब्द आणि जमवलेला पैसा.

मला एवढंच म्हणायचंय की खाशाबांचा पुतळा उभा करताना त्यांच्या आधीची आणि शेजारची ही माणसंसुद्धा त्याच कथेत आली पाहिजेत. ती नसली की खाशाबा आभाळातून पडल्यासारखे वाटतात. ते तसे आले नव्हते. तुमच्या गावाकडच्या, तालमीतल्या, जिमखान्यातल्या अशा माणसांबद्दल आणि जागांबद्दल इथे लिहा.

---

बेळगाव_कॅम्प

सुंदर धागा. चौगुल्यांबद्दल भर घालतो, कारण ते आमच्या बेळगावचे.

अँटवर्पची मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० ला झाली. त्या वेळी मॅरेथॉनचं अंतर अजून ठाम ठरलेलं नव्हतं, त्यामुळे तिथला मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सगळ्यांत लांब मॅरेथॉन. वर पावसाची भुरभुर आणि गारठा. फिनलंडच्या हानेस कोलेमाइननने २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत ती जिंकली. चौगुले १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. दातारही याच शर्यतीत होते, पण त्यांना ती पूर्ण करता आली नाही.

आता ही वेळ नीट बघा. दख्खनच्या उन्हात, मातीच्या रस्त्यावर पळणारा माणूस बोटीने युरोपात जातो, थंडीपावसात अनोळखी रस्त्यावर धावतो आणि विजेत्याच्या मागे अठराच मिनिटांत आत येतो. आज शहरातल्या हौशी मॅरेथॉनमध्ये तीन तासांच्या आत येणाऱ्याला आपण खांद्यावर घेतो. त्याच्याकडे भारी बूट असतात, घड्याळ असतं, वाटेत पाणी आणि जेल मिळतं. चौगुल्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी केलंय, तेही जास्त अंतरावर.

---

पेठेतली_मैना

बेळगाव_कॅम्प, प्रश्न भांडणाचा नाही, कुतूहलाचा आहे. फडेप्पा दरेप्पा हे नाव कन्नड वळणाचं वाटतं. मग धाग्याच्या शीर्षकात "आपले" म्हणताना आपण कोणाला धरतो?

---

बेळगाव_कॅम्प

मैनाताई, आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. एकाच घरात आजी कन्नडमध्ये ओरडते आणि नातू मराठीत उत्तर देतो. चिकोडी, निपाणी, अथणीकडे फडेप्पा, बाळाप्पा, अण्णाप्पा अशी नावं आणि चौगुले, पाटील, मगदूम अशी आडनावं सर्रास असतात. १९२० ला बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि चौगुले पळाले ते पुण्याच्या जिमखान्यामार्फत. कन्नड लोकांनी त्यांना आपलं म्हटलं तर आनंदच आहे. दोघांनी मिळून आठवण ठेवली तर निदान एकाची तरी टिकेल.

---

लाल_माती

धागा बघून राहवलं नाही. मी स्वतः तालमीत राहिलेला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या पुस्तकात वाचून कळत नाहीत.

माती आणि मॅट ह्या दोन वेगळ्या दुनिया आहेत. हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत, पायाची बोटं रुततात, तिथनं जोर मिळतो. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती उकरून उकरून मऊ केलेली असते. अंगाला माती लागली की घामाने निसटणारा हात धरता येतो. मॅटवर ह्यातलं काहीच नाही. पाय घसरतो, बूट घालावा लागतो आणि घामेजलेला मनगट हातात राहत नाही. दुसरं म्हणजे आपली कुस्ती निकाली. पाठ लागेपर्यंत कुस्ती चालणार, मग अर्धा तास लागो नाहीतर तास. पैलवान समोरच्याला दमवतो, झुंजवतो, वाट बघतो आणि मग ढाक नाहीतर एकेरी पट असा डाव टाकतो. मॅटवर घड्याळ लावलेलं असतं आणि गुण मोजणारे बसलेले असतात. दम काढायची कुस्ती तिथं चालत नाही.

खाशाबा १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटची त्यांना सवयच नव्हती, तरी सहावे आले. मग चार वर्षं त्यांनी ते अंगात मुरवलं. म्हणून रणधीर शिंद्यांचा १९२० चा चौथा नंबर मला फार मोठा वाटतो. त्या माणसाला तर आधी जाऊन आलेला, "तिकडं असं असतंय" म्हणून सांगणारा कोणी वस्तादच नव्हता.

---

आकडेमोड

जरा वेगळा सूर लावतो. शिंदे ज्या गटात होते त्यात मोजून दहाएक मल्ल होते. महायुद्ध नुकतंच संपलेलं, जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या देशांना बोलावणंच नव्हतं. त्यामुळे "पदकाच्या उंबरठ्यावर" वगैरे म्हणताना जरा हात आखडता घ्यावा असं माझं मत आहे. दोन कुस्त्यांवर चौथा नंबर ठरत असेल तर त्याचं वजन १९५२ च्या चौथ्या नंबराएवढं नाही.

---

कृष्णाकाठचा

@आकडेमोड, मुद्दा मान्य करण्यासारखा आहे, पण अर्धाच. गट लहान होता हे खरं. मात्र तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ते देश मुख्यतः ग्रीको-रोमनचे, म्हणजे कमरेखाली न धरता खेळायच्या कुस्तीचे. शिंदे उतरले ते फ्रीस्टाइलमध्ये, आणि तिथले दादा तेव्हा अमेरिकन आणि ब्रिटिश होते. ते दोघंही हजर होते. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही अमेरिकेला गेली, चार्ल्स अॅकर्ली आणि सॅम्युअल गेर्सन, दोघंही तिथल्या विद्यापीठांत तयार झालेले मल्ल. कांस्य ब्रिटनचं. या तिघांमागे पद्धतशीर शिक्षण होतं. चौथा माणूस आला तो तालमीतून. १९५२ चा चौथा नंबर जास्त अवघड होता यात वाद नाही, म्हणूनच मी धाग्याची सुरुवात माणगाव्यांपासून केली. पण म्हणून शिंद्यांचा पुसून टाकावा असं मला वाटत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. परदेशी नोंदींत त्यांचं आडनाव "शिंदेस" असं पडलंय. मराठीत शोधणाऱ्याला ते सापडत नाही आणि इंग्रजीत वाचणाऱ्याला हा आपला माणूस आहे हे कळत नाही.

---

आजरा_घनसाळ

खाशाबांच्या हेलसिंकीतल्या शेवटच्या कुस्त्यांची गोष्ट इथे आलीच पाहिजे. जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची कुस्ती चांगलीच लांबली. ते हरले, आणि लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला उभं राहा म्हणून सांगितलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता. पण तिथे भांडायला भारताचा अधिकारीच हजर नव्हता. दमलेला माणूस पुन्हा उभा राहिला आणि हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य. अधिकारी जागेवर असता तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता.

आणि खाशाबांच्या प्रवासाच्या पैशाचं तर सगळ्यांना माहीत आहे: कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, गावाने वर्गणी काढली. मला प्रत्येक वेळी वाटतं की खर्डेकर हे नावसुद्धा राज्य क्रीडा दिनाच्या भाषणात यायला हवं. विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य कुठे बघायला मिळतो?

---

वांद्र्याची_पोर

सगळं वाचलं, खूप आवडलं. पण आत्तापर्यंत एकही बाई आली नाही, म्हणून मी आणते. हेलसिंकीचंच वर्ष, १९५२.

त्या वर्षी स्वतंत्र भारतातर्फे पहिल्यांदा चार महिला ऑलिंपिकमध्ये उतरल्या. बंगालच्या निलिमा घोष आणि आरती साहा, मुंबईची जलतरणपटू डॉली नझीर आणि आमच्या वांद्र्याची मेरी डिसोझा. मेरी १०० आणि २०० मीटर धावली. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत तिने २०० मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्य मिळवलं होतं. १९५४ ला मनिलात चार बाय शंभर रिलेचं सुवर्ण. शिवाय ती भारतासाठी हॉकीही खेळली. हेलसिंकीला जायला सरकारकडून पैसे नव्हते, तेव्हा वांद्र्यातल्या मित्रमंडळींनी कार्यक्रम ठेवून निधी जमवला. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी खाशाबांसाठी वर्गणी काढली आणि वांद्र्याच्या पोरांनी मेरीसाठी नाचाचा कार्यक्रम केला, एकाच ऑलिंपिकसाठी, एकाच राज्यात. ध्यानचंद पुरस्कार तिला मिळाला २०१३ ला, वयाच्या ऐंशीनंतर.

मनिलाच्या त्या रिलेत स्टेफी डिसोझाही होती. तीही गोव्याकडच्या कुटुंबातली, तीही हॉकी आणि धावणं दोन्हीत. १९६४ ला टोकियो ऑलिंपिकला ४०० मीटर धावली. दोघींचं नाव आमच्या पिढीने शाळेत एकदाही ऐकलं नाही.

---

पेठेतली_मैना

वांद्र्याची_पोर, तुला लाख धन्यवाद. मी शाळेत शिकवते, हे सगळं वहीत उतरवून घेतेय.

---

वऱ्हाडी_पऱ्हाटी

कुस्ती-धावण्याच्या पलीकडचं एक ठिकाण सांगतो. आमच्या अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या भावांनी सुरू केलेला आखाडा. हुतात्मा राजगुरूंनीही इथे व्यायामाचे धडे घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथे हुतुतू (म्हणजे आजची कबड्डी), मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले. प्रो कबड्डी बघणाऱ्या पोरांना सांगितलं की हा खेळ नव्वद वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये खेळून दाखवला होता, आणि तोही अमरावतीच्या पोरांनी, तर ते डोळे मोठे करून बघतात.

आज मंडळाचा पसारा फार मोठा झालाय, शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, देशभरातून मुलं शिकायला येतात. पण गावातल्या माणसासाठी ते अजूनही "आखाडा"च. संध्याकाळी मैदानावर गेलं तर एका कोपऱ्यात मल्लखांबावर दहा-बारा वर्षांची पोरं एरंडेल लावून चढताना दिसतात. वरच्या बोंडावर पोट टेकवून हातपाय सोडून दिलेलं पोरगं बघितलं की आपला श्वास अडकतो, आणि खाली उभे असलेले गुरुजी मात्र शांतपणे "पाय ताण" एवढंच म्हणतात.

---

लाल_माती

वऱ्हाडी भाऊ, वा! मग आता जागांचा विषय निघालाच आहे तर खासबागेबद्दल लिहितो. कोल्हापूरला लोक अंबाबाईचं दर्शन घेऊन, तांबडा-पांढरा खाऊन परत जातात. देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे मैदान आहे, ते बघतच नाहीत.

शाहू महाराज १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, तेव्हा रोमचं जुनं कोलोसियम, म्हणजे गोल खुलं प्रेक्षागार, त्यांच्या नजरेत भरलं. परत आल्यावर तसंच कुस्तीचं मैदान बांधायचं ठरवलं आणि १९१२ ला ते खुलं झालं. मधोमध हौदा आणि भोवती वर चढत जाणारं गोल बसायचं ठिकाण. मध्ये कुठं खांब नाही, आडोसा नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा डाव स्वच्छ दिसतो. हे कुस्ती कळणाऱ्या राजाचं बांधकाम आहे. इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती सुरुवातीलाच तिथं झाली. पंजाब, पतियाळाकडचे मल्ल महाराजांनी इथं आणून ठेवले, त्यांच्याकडून आपली पोरं शिकली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, मठ ह्या तालमी त्या खुराकावर वाढल्या. खाशाबा, माणगावे हे त्या झाडाचं फळ.

---

वारणेचा_वाघ

लाल_माती दादा, त्याच तालमींतलं पुढचं फळ आमच्या सांगली जिल्ह्यातलं. कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळ्याजवळच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत माने फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेऊन आले. आंदळकरांनी हेवीवेटमध्ये नेमकं उलटं केलं, ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य. ज्या ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरताच येत नाही, म्हणजे आपला पट, ढाक, टांग सगळं बाद, त्यात हौद्यातल्या माणसाने सुवर्ण आणलंय. आणि पहिले हिंदकेसरी, १९५९ चे श्रीपती खंचनाळे, ते तर सीमेपलीकडच्या एकसंब्याचे. बेळगावकरांनी वर जे सांगितलं तेच, माती एकच.

---

आकडेमोड

जकार्ताचे ते दुहेरी पदकांचे आकडे बघून थक्क झालो. शिंद्यांबद्दल कृष्णाकाठकरांचा फ्रीस्टाइलचा मुद्दाही पटला. माझ्या डोक्यात तेव्हा सगळी कुस्ती एकत्र होती.

---

पेठेतली_मैना

आमच्या शाळेत क्रीडा दिनाला दरवर्षी खाशाबांच्या फोटोला हार घालतात आणि एक भाषण होतं. या वेळी मुलांकडून सहा अँटवर्पवाले, माणगावे, मेरी डिसोझा यांचे तक्ते करून घ्यायचं ठरवलंय. चौगुल्यांची वेळ मुलांना कळावी म्हणून मैदानावर तेवढ्या वेगाने एक फेरी पळवून बघणार आहोत. लाल_माती दादा, सातवी-आठवीच्या मुलांना सहलीत खासबाग आणि एखादी तालीम दाखवता येईल का? मुलीही आहेत, म्हणून आधी विचारते.

---

लाल_माती

ताई, बिनधास्त आणा. खासबाग एरवी मोकळंच असतंय, पण जमलं तर कुस्त्यांचं मैदान भरेल तेव्हा आणा, रिकाम्या मैदानावर पोरांना काही कळणार नाही. तालमीत मात्र आधी वस्तादांना फोन करून विचारा आणि पहाटे या. पाच-साडेपाचला जोर-बैठका सुरू होतात, आठ वाजल्यानंतर फक्त झोपलेले पैलवान दिसतील. मुलींचं म्हणाल तर आता जिल्ह्यात मुली कुस्ती खेळतात, पण जुन्या तालमीत पोरं राहायला असतात, म्हणून वस्तादांनी सांगितलेली वेळच पाळा. हौद्यात उतरायच्या आधी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावा आणि मातीला हात लावून तो कपाळाला लावायला सांगा. येताना पोरांच्या खाऊसोबत तालमीसाठी पाच लिटर दूध आणलंत तर वस्ताद तुम्हाला डाव करून दाखवतील. ढाक नक्की दाखवायला सांगा.